सुईचं टोक

सुष्मानं ओढणी कमरेला खोचली, गुडघे टेकले आणि शिलाई मशीनखाली मोबाइलचा उजेड टाकला. दोऱ्याचे तुकडे, कापडाचा भुगा, कुणाची तरी पडलेली टिकली. हवं ते सोडून सगळं होतं.

"अक्का, मी बाजूला होऊ का?" तुंगानं विचारलं. सुई तुटली ते मशीन तिचंच. ती दोन हात अंतरावर, मुठीत कात्री आवळून उभी होती.

"हलायचं नाही. चप्पल काढ, तळवे बघ, आणि आहेस तिथंच उभी राहा."

तुंगानं चप्पल काढली, एकेक पाय उचलून तळवे चाचपले. काही नव्हतं.

सुई तुटली होती अडीच वाजता, झबल्याच्या गळ्याला पट्टी लावताना. तुंगानं शिकवल्याप्रमाणे पाय उचलला, हात वर केला, आणि नेमकी त्याच वेळी तपासणी विभागाची सुष्मा सात नंबरच्या लाइनीवरून चालली होती. एरवी ती वरच्या केबिनमध्ये टॅबलेट घेऊन बसलेली असायची. खाली काय चाललंय ते तिला फोटोंतून कळायचं. लाइनीचे सुपरवायझर फोटो पाठवायचे, पॅकिंगवाले आपापल्या खुणा पाठवायचे, आणि दिवसाअखेरी शंभर-सव्वाशे बाबी तिच्यापुढे रांग लावून उभ्या राहायच्या. म्हैसूरला परत जाणारी कंपनीची बस सव्वासहाला सुटायची. सहाच्या सुमारास सुष्मा 'सगळे निवडा' म्हणायची, मग 'कम्प्लीट' म्हणायची, आणि जिना उतरायची. सव्वाशे बाबी एकेक उघडून वाचायच्या म्हणजे बस येलवाल ओलांडून कधीच गेली असती.

तुटलेल्या सुईची बाब मात्र भारी होती. सगळे तुकडे शोधायचे, पांढऱ्या कागदावर चिकटपट्टीनं जोडून अख्खी सुई उभी करायची, तिचा फोटो काढायचा. मग टॅबलेटवर 'सर्व तुकडे सापडले' या ओळीपुढं हिरवी खूण. एक कण कमी पडला तरी खूण नाही. खूण नाही तर गेटपास नाही, गेटपास नाही तर ट्रक नाही. आणि आजचा ट्रक चारला जायचा होता.

कागदावर दोन तुकडे होते. बुडाचा जाड भाग, आणि नेढ्यापर्यंतची दांडी. नेढ्याखालचं टोक नव्हतं. तांदळाच्या कणीएवढं असेल-नसेल.

शेवटचं झबलं त्या दोघींनी तीनदा झटकलं होतं, शिवण बोटांत धरून चाचपली होती. पण तेवढ्यानं भागत नाही, हे शिंप्याच्या घरात वाढलेल्या सुष्माला ठाऊक होतं. टोक आधी गळतं आणि सुई मागाहून मोडते, असंही होतं. त्यामुळं सकाळपासून त्या मशीनवरून गेलेला सगळा माल संशयात.

"किती नग झाले सकाळपासून?"

"सहाशे चाळीस," तुंगा म्हणाली. तिनं आकडा इतक्या चटकन सांगितला, की तीही मनात तेच मोजत उभी होती हे कळलं.

टोपलीतलं वरचं झबलं पिवळं होतं, छातीवर बदकाचं चित्र. मानेशी चिठ्ठी शिवलेली होती: शून्य ते तीन महिने.

"काय गं पोरी, जमिनीवर काय लोळतीस? तुझ्या बापानं बघितलं तर मला शिव्या घालंल."

दामोदरराव आले होते. फ्लोअरचे सुपरवायझर, साठीला एक वर्ष कमी. तरुणपणी सुष्माच्या वडलांच्या दुकानात बाजूच्या मशीनवर बसायचे. अजूनही दोघं एकादशीला म्हैसूरच्या शिवरामपेटेतल्या विठोबाच्या देवळात एका सतरंजीवर बसून भजन म्हणायचे. नऊ वर्षांपूर्वी सुष्माला इथं चिकटवलं तेही त्यांनीच. साऱ्या कारखान्यासमोर ती त्यांना काका म्हणायची आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

"काका, टोक सापडेना."

"सापडंल की. कुठं जाईल पळून?" त्यांनी घड्याळ बघितलं. हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं."

"माल होल्ड करायचा नाही हां, सुष्मा. एवढं ध्यानात ठेव."

"सापडलं नाही तर करावंच लागेल."

"मागल्या दिवाळीला केलंस. नियमानं केलंस, मी काही म्हणलो नाही. माल बोटीवर चढला नाही, आठवडाभर लाइन बंद. चाळीस बायका घरी बसल्या. ही त्यातलीच एक. विचार तिला, तो आठवडा कसा काढला."

तुंगानं कात्री या हातातून त्या हातात घेतली आणि मशीनवरच्या तेलाच्या डागाकडं बघत राहिली. आजूबाजूची मशीनं चालूच होती, पण त्यांवरच्या बायकांचं लक्ष शिवणीत नव्हतं, हे टाक्यांच्या आवाजावरूनच समजत होतं.

"जा, च्या घेऊन ये," दामोदरराव मऊ आवाजात म्हणाले. "सकाळधरनं पोटात काही नसंल तुझ्या. मी बघतो. डोळे म्हातारे असतील, पण सुई शोधायला तुझ्यापेक्षा हुशार आहेत."

ते खरंच होतं. ती उठली.

कँटीनमध्ये चहा समोर आला आणि तिला अण्णा, तिचे वडील, आठवले. महादेवराव टेलर. शिवरामपेटेतलं त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढली खोली. एका मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक काढून त्यांनी त्याला सुतळी बांधली होती, आणि ते दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. रोज संध्याकाळी आधी चुंबक फिरायचं, मग केरसुणी, मग दिवा. आई वैतागायची. "देवापेक्षा त्या लोखंडाची पूजा जास्त," म्हणायची. अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि चुंबकाला लागलेल्या टाचण्या बरणीत टाकायचे.

ती सातवीत असताना एका बारशाचा छोटा फ्रॉक शिवताना अण्णांची सुई तुटली. टोक मिळेना. गिऱ्हाईक दारात उभं, बारसं दुसऱ्या दिवशी सकाळी. अण्णांनी सरळ नकार दिला. सुई जुळल्याशिवाय कपडा घराबाहेर जायचा नाही, म्हणाले. तो माणूस कानडीतून नाही नाही ते बोलला, अण्णांनी खाली मान घालून सगळा फ्रॉक उसवला. टोक निघालं जेवताना, त्यांच्याच बाहीच्या दुमडीतून. कसे हसले होते! ताटावरून उठून, हात धुऊन, पुन्हा मशीनवर बसले आणि उजाडायच्या आत फ्रॉक त्या घरी पोचवून आले.

चहा निम्माच पिऊन ती परतली.

"सापडलं!" दामोदररावांनी लांबूनच हात हलवला. "आयतु, आयतु! काम झालं. तिच्या स्टुलाच्या पायाला चिकटलं होतं बघ, ग्रीसमध्ये."

कागदावर अख्खी सुई होती. बूड, दांडी, टोक. सुष्माच्या छातीवरचं दडपण एकदम उतरलं. तिला इतका आनंद झाला की तिनं तुंगाच्या पाठीवर थाप मारली. तुंगा हसली नाही. तिनं नवी सुई बसवली होती आणि ती दोरा ओवत होती, आणि तो काही ओवला जात नव्हता.

फोटो काढला. हिरवी खूण. कम्प्लीट. तीन वाजायला दोन मिनिटं होती.

केबिनमध्ये येऊन खुर्चीत टेकल्यावर तिला वाटलं, हा फोटो अण्णांना दाखवायला हवा. तुमचा मित्र अजून सुई शोधतो म्हणावं. नीट दिसावा म्हणून तिनं दोन बोटांनी तो मोठा केला.

बूड पांढरं होतं. दांडी पांढरी. टोक पिवळसर होतं, सोन्याचं पाणी दिल्यासारखं.

तिनं आणखी मोठा केला. उजेडाचा दोष नव्हता. सोनेरी मुलाम्याच्या सुया संक्रांतीपर्यंत येत होत्या. नंतर खरेदीवाल्यांनी बदलल्या, पांढऱ्या आल्या. त्याला सात महिने होऊन गेले. या तुकड्यांपैकी एक तुकडा या सुईचा नव्हताच.

ती खाली गेली. दामोदरराव लाइनीच्या टोकाला आपल्या टेबलाशी उभे होते. तिनं टॅबलेट पुढं धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो बघितला, चष्मा पुन्हा खाली घेतला.

"डोळे बापाचे घेतलेस," ते म्हणाले.

मग त्यांनी खण उघडला आणि एक डबी काढली. तपकिरीची जुनी पत्र्याची डबी. तपकीर त्यांनी सोडून वर्षं झाली होती. आत कापसावर चार-पाच सोनेरी टोकं होती.

"वही होती तेव्हा टोक वहीत जायचं. चिकटवलं, सही केली, वही कपाटात. हे तुमचं टॅब आलं तसा फोटो जातो, टोक मागं राहतं. टाकून काय करायचं म्हणून ठेवत गेलो. सुम्ने, उगीच आपलं. मग एकदा उपयोगी पडलं."

"एकदा?"

दामोदररावांनी डबी बंद करून खिशात टाकली. "मी काय राक्षस आहे का गं? मला नातवंडं नाहीत? खाली सुया पकडायचं मशीन बसवलंय ना जपानी? कणीएवढं लोखंड गेलं तरी बोंबलतं. टोक कपड्यात असलं तर तिथं सापडतंय. आणि जमिनीवर कुठंतरी पडलं असलं, तर त्याच्यापायी चाळीस बायकांच्या पोटावर पाय कशाला? तूच सांग."

तिला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला ती अधीरच होती. काकांना खोटं पाडायचं, लाइन बंद करायची, वरच्या साहेबांपुढं उभं राहून सगळं सांगायचं, यातलं काहीच करावं लागणार नव्हतं. मशीन होतं ना.

"मी खाली जाऊन एकदा डोळ्यांनी बघून येते," ती म्हणाली.

"बघ की. जाऊन ये." त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "माझ्यावर राग धरू नकोस, पोरी."

पॅकिंगच्या बाजूला काचेची खोली होती. आत जाताना अंगठी, घड्याळ, मोबाइल, केसातल्या पिना, सगळं बाहेरच्या ताटलीत काढून ठेवायचं. सुष्मानं मंगळसूत्रही काढून ठेवलं. आत चैत्रा पट्ट्याजवळ उभी राहून एकेक झबलं सरळ करून ठेवत होती. पंचविशीची, कमी बोलणारी, के. आर. नगरहून रोज येणारी. पिवळी बदकं एकामागं एक त्या जपानी मशीनच्या पेटीखालून जात होती आणि पलीकडं टोपलीत पडत होती. पट्टा घरघरत होता. बाकी काही आवाज नव्हता.

त्या शांततेनं सुष्माला बरं वाटलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि बघत राहिली. शंभर गेली, सव्वाशे गेली. एकदाही मशीन ओरडलं नाही.

"सात नंबरची किती राहिली?"

"अर्धी राहिली, अक्का. अर्धी पेट्यांत भरून ट्रककडं गेली."

"एकही वाजलं नाही ना?"

"नाही."

सुष्मा निघाली. दारापाशी जाऊन थांबली. अण्णा दिवा लावायच्या आधी चुंबक खरंच धरतंय का ते बघायला त्याला आधी एक टाचणी लावून बघायचे. रोज. त्या चुंबकाचं काय बिघडणार होतं? तरी बघायचे.

"चैत्रा, कार्ड दे बघू."

कार्ड म्हणजे प्लास्टिकची एक पट्टी. तिच्यात लोखंडाचा मोहरीएवढा दाणा बसवलेला असतो. दर तासाला ती पट्ट्यावर नऊ जागी ठेवून पेटीखालून काढायची, नऊही वेळा मशीन ओरडलं पाहिजे, आणि मग टॅबलेटवर नऊ खुणा करायच्या. मशीन जागं आहे याची ती परीक्षा.

"तीन वाजताच फिरवलं, अक्का. कम्प्लीट केलंय." चैत्रानं हातातलं झबलं खाली ठेवलं नाही.

"परत फिरवू. माझ्यासमोर."

चैत्रानं खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. स्वतः ठेवलं नाही. सुष्मानं ते पट्ट्याच्या मधोमध ठेवलं. कार्ड पेटीखाली गेलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं. पट्टा चालतच राहिला.

तिनं ते डाव्या कडेला ठेवलं. मग उजव्या. मग पालथं करून पुन्हा मधोमध. प्रत्येक वेळी ते गुपचूप बाहेर आलं आणि टोपलीतल्या झबल्यांवर जाऊन पडलं.

"ते नाही वाजत, अक्का," चैत्रा म्हणाली.

"कधीपासून?"

"मेपासून. नवी टिचबटणं आली ना, तेव्हा प्रत्येक नगाला वाजायला लागलं. दिवसभर नुसता आरडाओरडा. मेकॅनिक आला, त्यानं त्याचा जोर कमी केला. बटणांना वाजायचं थांबलं, तसं कार्डालाही थांबलं."

"आणि तू तासातासाला नऊ नऊ खुणा करत बसलीस?" सुष्माचा आवाज चढला. "चैत्रा, लहान लेकरांचे कपडे आहेत ते! तोंडात घालतात ती! तुला सांगता नाही आलं कुणाला?"

चैत्रानं आपला टॅबलेट उचलला. बराच वेळ बोटानं मागं मागं जात राहिली. मग तो सुष्माच्या हातात दिला.

मे महिन्याची चौदा तारीख. नऊ खुणा, आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत: कार्डाला आवाज येत नाही, मेकॅनिकला सांगावे. त्याखाली हिरवी पट्टी. सुष्मा एम., सहा वाजून दोन मिनिटं, कम्प्लीट.

पंधरा तारीख. तोच शेरा. सुष्मा एम., सहा वाजून चार मिनिटं.

सोळा तारीख. या वेळी चैत्रानं आधी कानडीत लिहिलं होतं आणि मग इंग्रजीतही, म्हणजे कुणाचं वाचायचं राहू नये. सुष्मा एम., सहाला एक मिनिट कमी.

सतरा तारखेपासून शेऱ्याची चौकट रिकामी होती.

"मला वाटलं, तुम्ही बघितलंय," चैत्रा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच सुष्माला ऐकवेना. "तीन दिवस लिहिलं, तिन्ही दिवस तुम्ही हिरवं केलंत. मग वाटलं, चालत असेल. सुया तर वरच सापडतात ना? तुमच्या फोटोत दर वेळी अख्खी सुई असते. मग इथं वाजायला राहिलं काय?"

सुष्मा पट्ट्याशेजारच्या स्टुलावर बसली. तिला शरम वाटली, इतकी की कानशिलं तापली. आत्ता या मुलीवर ओरडलेलं परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. तिनं आपला टॅबलेट मांडीवर घेतला आणि मेपासूनची तुटलेल्या सुयांची यादी उघडली. फक्त सात नंबर नाही, दामोदररावांच्या हाताखालच्या सगळ्या लाइनी. एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करायचा, बघायचा, पुढं जायचं. हे तिनं आजवर एकदाही केलं नव्हतं. आत्ता करायला प्रत्येकी चार सेकंद लागत होते.

पांढरं बूड, पांढरी दांडी, पांढरं टोक. पांढरं, पांढरं, पांढरं. मग पांढरं बूड, पांढरी दांडी, सोनेरी टोक.

ती बोटांवर मोजत होती. दोन्ही हातांची बोटं संपली आणि वर एक टोक उरलं. अकरा. आजचं धरलं नव्हतं.

प्रत्येक फोटोखाली लॉटचा नंबर होता, माल गेल्याची तारीख होती, आणि तिचं नाव होतं. जूनमधली झबली, जुलैतली टोपडी, एक अख्खा लॉट पायमोजे जोडलेल्या चड्ड्यांचा. सगळं पोचलं असणार. कुठल्या तरी गावात आत्ता कुणी आई बाळाला न्हाऊ घालून घडी मोडत असेल, आणि बाळ रडायला लागलं तर पोट दुखत असेल म्हणून त्याला खांद्यावर घेत असेल.

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. चारला वीस मिनिटं होती.

सुष्मानं आजची बाब उघडली. हिरव्या पट्टीवर बोट दाबून धरलं, तसं 'पुन्हा उघडायची?' असा प्रश्न आला. तिनं 'होय' दाबलं. कारणाची चौकट आली. कारण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. तिनं लिहिलं: टोक सापडलेले नाही. लावलेले टोक दुसऱ्या सुईचे आहे. सुया पकडणारे मशीन चालत नाही. थोडं थांबून तिनं आणखी एक ओळ घातली: मे महिन्यात कळवले होते, मी वाचले नाही.

पट्टी लाल झाली. खाली गेटपासची खूण विझली. मग ती अकराही बाबींकडं वळली. एकेक उघडत गेली, एकेक लाल करत गेली.

दामोदरराव आले तेव्हा सातवी चालली होती. गेटवरून त्यांना फोन गेला असणार. ते काचेच्या दारातून घड्याळ न काढताच आत आले.

"केलंस?"

"केलं."

"चाळीस बायका, सुष्मा. मी एवढं सांगितलं तुला. आता त्या तुंगाला काय तोंड दाखवू मी?"

"काका, कार्ड वाजत नाही."

"काय?"

तिनं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडं धरून आतला दाणा बघितला. मग पट्ट्यावर ठेवलं आणि त्याच्या बरोबरीनं चालत पेटीच्या दुसऱ्या बाजूला गेले. कार्ड आलं. त्यांनी ते उचललं, पुन्हा या बाजूला आले, पुन्हा ठेवलं. या खेपेला ते पेटीवर कान टेकून उभे राहिले. मनगटावरचं स्टीलचं घड्याळ पेटीच्या तोंडाशी आलं होतं. मशीन त्यालाही काही म्हणालं नाही.

"मी याच्याच भरवशावर..." ते म्हणाले. खिशावर हात ठेवला, जिथं डबी होती, आणि तो तिथंच राहिला. चैत्रानं पट्टा बंद केला. तेव्हा कळलं की खोलीत जो काही आवाज होता तो तेवढाच होता.

सुष्मानं अकरावी बाब लाल केली आणि बाहेर येऊन ताटलीतला मोबाइल उचलला. वर साहेबांना कळवायचं होतं. तिनं आधी दुसराच नंबर लावला.

"अण्णा, तुमचं लोहचुंबक कुठं आहे?"

"खिळ्याला. दुसरीकडं कुठं असतंय?" मागं रस्त्यावरची रिक्षा, आणि अण्णांच्या मशीनचं चाक हातानं थांबवल्याचा आवाज. "का गं?"

"घेऊन येता का? येलवालच्या पुढं, आमच्या गेटवर. हुणसूरची बस मिळेल."

अण्णांनी काय झालं ते विचारलं नाही. "किती कपडे?" एवढंच विचारलं.

"सहाशे चाळीस. निम्मे ट्रकमधून उतरवून घ्यायचेत."

"लहान लेकरांचे?"

"हो."

"बरं. मी निघतोच. पाटावर पांढरी चादर घालायची, एकेक कपडा त्याच्यावर घ्यायचा. कुणाला झटकू देऊ नकोस, नाहीतर उडून जाईल." कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला, खिळ्यावरून काहीतरी निघाल्याचा आवाज आला. मग शटर ओढायला लागल्याचा. "दामू आहे का तिथं? त्याला म्हणावं, चष्मा पुसून ठेव."

"आहेत. इथंच उभे आहेत."

"मग झालं तर. तिघं मिळून बघितलं की होतंय दिवेलागणीपर्यंत. तेवढेच आहेत ना?"

सुष्मानं हातातल्या टॅबलेटकडं बघितलं. बारा लाल पट्ट्या एकाखाली एक होत्या. पहिली आजची. बाकी अकरांपुढं माल गेल्याच्या तारखा.

"इथं तेवढेच आहेत, अण्णा," ती म्हणाली.

पलीकडं शटरचा आवाज अर्ध्यावर थांबला.